वर टेकेपर्यंत

मंगळवार, रात्री उशिरा

"मावशी, यात जिंकतात कसं गं?" एवढंच विचारलं ओमने. मी सोफ्यावर मोबाइलवर टेट्रिसचे ठोकळे पाडत बसले होते, तो मागून डोकावला. म्हटलं, "जिंकत नाहीत. वर टेकेपर्यंत खेळायचं." "मग उपयोग काय?" म्हणाला आणि गेला आपल्या खोलीत, त्याच्या गेममधल्या बेटावर शंभर जणांशी मारामारी करायला.

लागलं ते मला. चौदा वर्षांच्या पोराचं बोलणं एवढं काय मनाला लावून घ्यायचं? हल्ली काहीही लागतं म्हणा. दुपारचा तो मेलही. पण तो विषय आज नको.

मला टेट्रिस आवडतं, त्याला कारण शोधावं असं कधी वाटलंच नव्हतं. 10 चौकोन रुंद, 20 उंच, वरून पडणारे सात आकार, आडवी ओळ भरली की ती साफ, संपलं. अलेक्सी पाजित्नोवने 1984 मध्ये मॉस्कोत ते ज्या कॉम्प्युटरवर लिहिलं, त्याच्या पडद्यावर चित्रं उमटतच नव्हती. त्याने कंसाला कंस जोडून चौकोन केले. आमच्या घरी ते आलं ब्रिक गेम नावाच्या, हातात धरून खेळायच्या खेळण्यातून. खोक्यावर '9999 इन 1' छापलेलं, आत खरे गेम थोडेच, बाकी तेच पुन्हा वेगळ्या वेगाने. आई पेन्सिल सेल काढून डाळीच्या डब्यात लपवायची. ताईला तो डबा माहीत होता, पण तिने मला कधी... जाऊ दे.

खेळताना मी कडेची एका चौकोनाची उभी फट मोकळी ठेवते. बाकी सगळं नीट रचत जायचं आणि चार चौकोनांच्या सरळ दांडीची वाट बघायची. आली की चार ओळी एकदम साफ. नाही आली तर ढीग चढत जातो, पोटात गोळा येतो, तरी ती फट बुजवावीशी वाटत नाही. समोर कुणी शत्रू नाही, कुणी आपल्याला हरवत नाही. आपण नुसते कधीतरी पुरे पडत नाही.

हे लिहिलं आणि वाचून स्वतःचीच कीव आली. उपयोग काय, हा प्रश्न माझ्या नोकरीलाही विचारता येईल, भिशीलाही, दर रविवारी आवरल्या जाणाऱ्या त्या माळ्यालाही. जिंकले कुठे मी? फट राखून बसलेय.

मग झोप येईना म्हणून वाचत बसले. हायडी बर्गियल नावाच्या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये दाखवून दिलंय, की ते दोन वाकडे तुकडे, डावा आणि उजवा, आळीपाळीने येत राहिले तर कितीही पट्टीचा खेळाडू असो, हरणारच. केवढं बरं वाटलं! थेट गणिताचाच पाठिंबा. हे तोंडपाठ करून सकाळी पोह्यांबरोबर ओमसमोर ठेवायचं ठरवलं.

आणि खाली स्क्रोल केलं. डिसेंबर 2023. अमेरिकेत ओक्लाहोमातला 13 वर्षांचा मुलगा. टीव्हीला जोडायच्या जुन्या निन्टेंडो व्हिडिओ गेमवरच्या टेट्रिसमध्ये लेव्हल 29 ला तुकडे इतके भराभर पडतात, की तिथून पुढे माणसाचं काम नाही असं सगळे वर्षानुवर्षं धरून चालले होते. मग पोरांनी युक्ती काढली. रिमोटच्या बटणावर अंगठा नुसता टेकवून ठेवायचा आणि मागून बाकीची बोटं तबल्यासारखी वाजवायची. हा पठ्ठ्या लेव्हल 157 पर्यंत गेला. म्हणजे जिंकला. जगात पहिल्यांदाच.

माझी सगळी कैफियत बाराच्या भावात गेली. त्यात 13 वर्षांचा! ताईला कळलं तर "बघ, आणि तू" म्हणून ओमचीच शाळा घेईल, तेव्हा पोहे नुसतेच द्यावेत हे बरं.

पण जिंकला म्हणजे नेमकं काय झालं, तेही वाचलं. ना फटाके, ना पाटी. गेम हँग झाला. ठोकळे जागच्या जागी थिजले, यालाच जिंकणं म्हणतात. या हिशोबाने आमच्या ऑफिसातला माझा पीसी आठवड्यातून चार वेळा जिंकतो, आणि वर आयटीवाले मलाच विचारतात, मॅडम, तुम्ही काय केलंत?