१९ तारखेची वाचनं

१९ डिसेंबर, शुक्रवार. म्हापसा.

गोवा मुक्तिदिनाची सुट्टी, म्हणून चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेला (सामूहिक उपासनेला) जाता आलं. १७ डिसेंबरपासून आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या आठवड्यांच्या) रोजच्या बायबल-वाचनांना तारखा ठरलेल्या असतात आणि १९ ची दोन्ही वाचनं मूल नसलेल्या बायकांची. आधी शास्ते पुस्तकातून शमशोनाची आई. (तिचं नाव कुठेच दिलेलं नाही. मानोहाची बायको, एवढंच.) मग लूकच्या शुभवर्तमानातली अलीशिबा. दोन्हीकडे देवदूत येतो, दोन्हीकडे मुलगा होतो.

बाहेर शेजारच्या आंटीने हात धरला. "देव दितलो गो." तिच्या मायेबद्दल शंका नाही. पण हे वाचन आलं की मी आतून आखडते. शेवट गोड झाला म्हणूनच या कथा आपल्यापर्यंत पोचल्या ना? अलीशिबेचा नवरा जखऱ्या, त्याच्या गावात ज्यांच्याकडे कुणी देवदूत फिरकला नाही अशीही म्हातारी जोडपी असतीलच. प्रार्थना त्यांनीही केल्या असतील. त्यांचं वाचन कुठल्या तारखेला?

दत्तकाच्या यादीत आमचा क्रमांक सरकतो, पण मुंगीच्या पावलांनी. दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर चालत नाही. यादी एका घराने पुढे जाईपर्यंत आमची बेरीज वर्षाला दोनने वाढते. होम स्टडीचा, म्हणजे घरी येऊन केलेल्या पाहणीचा, अहवालही ३ वर्षंच चालतो, त्यामुळे आता तो नव्याने होतोय. परवा सोशल वर्करने विचारलं, अजून किती थांबायची तयारी आहे? नवरा लगेच म्हणाला, "येईल तोवर." माझी जीभ, देवदूतासमोर मुक्या झालेल्या जखऱ्यासारखी, टाळ्याला चिकटली.

देवावर भरवसा आहे की बाळ मिळेलच यावर? वसईत लहानपणी शिकले तेव्हा हे दोन वेगळे नव्हते. बायबलमधल्या इब्रीकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात एक ओळ आहे, जी प्रवचनात फारशी कुणी घेत नाही: ही सगळी माणसं विश्वासात मेली, वचन दिलेलं त्यांच्या हाती न पडता. त्यांनी ते दुरून पाहिलं, बस. अलीशिबेपेक्षा ही ओळ मला जास्त धीर देते. का ते नीट सांगता येत नाही. निदान ती मला फसवत नाही.

आणि आपले संत जुझे वाझ. १६५१ साली बाणावलीत जन्मलेले, सिलोनला गेलेले. १६९२ मध्ये कँडीच्या राजाने पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. सुटणार की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. त्यांनी तिथे सिंहली शिकायला घेतली. सुटकेची तारीख कळल्यावर नव्हे, आधीच. सुटलो नाही तर शिकलेलं फुकट जाईल, हा हिशेब त्यांनी केलेला दिसत नाही. मी मात्र छोटी खोली अजून सामान ठेवायलाच वापरते. पाळणा आणला आणि बाळ आलं नाही तर, या भीतीने.

दुपारी ती खोली आवरली. पाळणा नाही आणला, तेवढा धीर नाही. जुन्या ट्रंका बाहेर काढल्या, खिडकी पुसली. नवऱ्याने काही न विचारता रद्दी बांधली.

रात्री नेहमीचंच मागितलं: बाळ दे. मागणं सोडलेलं नाही, सोडणारही नाही. फक्त "दिलंस तरच" हे आज त्यात घातलं नाही. उद्या घालीनही, माझा नेम नाही.