आमची वाटचाल : गेट-ग्रिलपासून खुराड्यापर्यंत

परभणीत वडिलांनी सुरू केलेलं आमचं वेल्डिंगचं दुकान. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, पेरणीच्या आधी नांगर-वखराची दुरुस्ती, एवढंच काम असायचं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये बांधकामं थांबली आणि त्याच दिवसांत ओळखीची माणसं विचारू लागली, "दादा, अंगणात चार कोंबड्या पाळायच्यात, एखादं खुराडं करून द्या की." तिथून हा धंदा सुरू झाला.

आमच्या भागात खुराडं बांधताना दोघांचा विचार करावा लागतो, मुंगसाचा आणि मे महिन्याचा. बाजारातली षटकोनी जाळी कोंबडी अडवायला पुरते, पण मुंगूस ती फाडून आत शिरतं आणि मांजर पंजा घालून पिल्लू ओढतं. म्हणून आम्ही अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळीच वापरतो. बाहेरच्या फिरायच्या कुंपणाची जाळी खाली फूटभर बाहेरच्या बाजूला दुमडून मातीत गाडतो. उकरणारं जनावर जाळीला चिकटूनच उकरतं. फूटभर मागं सरकायचं त्याला सुचत नाही. दाराला कडी आणि कडीला पिन, हे ठरलेलं.

उन्हाचं काम जास्त अवघड. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून, पंख फाकवून ती धापा टाकते. मेमध्ये इथं पारा 43 च्या वर जातो, तेव्हा नुसता पत्रा म्हणजे भट्टीच. आम्ही पत्र्यावर ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या बांधायला सांगतो आणि दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्याच्या वर दोन्ही बाजूंना जाळीची पट्टी सोडतो. गरम हवा वरून निघून जाते आणि थंडीतला वारा थेट अंगावर येत नाही.

एका कोंबडीला आत दोन चौरस फूट आणि बाहेर फिरायला आठ-दहा चौरस फूट जागा लागते. चार बाय दोनच्या खुराड्यात चारच कोंबड्या. गिऱ्हाईक त्यातच आठ बसवायला सांगतं, तेव्हा आम्ही ती ऑर्डरच घेत नाही. दाटीत कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात आणि पुढं जखमा करतात. तसलं खुराडं आमच्या हातून जाऊ नये.

2021 च्या जानेवारीत आमच्याच जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला. आजूबाजूच्या किलोमीटरभरातल्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि आमचं काम एकदम बसलं. ते दिवस फार वाईट गेले. तेव्हापासून दाणा-पाण्याची जागा आम्ही कायम छपराखालीच देतो, म्हणजे रानपाखरांची विष्ठा त्यात पडत नाही. पिल्लांना पहिल्याच आठवड्यात मानमोडीची (कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची) लासोटा लस द्या, हेही प्रत्येकाला सांगतो.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनाच सांगावी लागते. घरचं सोयाबीन आहे म्हणून कच्चंच कोंबड्यांना टाकू नका, ते नीट पचत नाही आणि वाढ खुंटते. पेंड चालते, कारण ती तापवलेली असते. अंड्याचं कवच पातळ येत असेल तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. आणि राख-मातीचा एक कोपरा हवाच. कोंबडी त्यात लोळते ती अंगावरचे किडे झाडायला.

आता खुराडी नटबोल्टची, सुटी करतो, त्यामुळं नांदेड, हिंगोली, लातूरलाही पाठवता येतात. उन्हाळ्यासाठी हवं असेल तर फेब्रुवारीतच सांगा. फोन करताना कोंबड्या किती आणि दुपारच्या तीन वाजता अंगणात सावली कुठं पडते, एवढं पाहून ठेवा.