अंगावरून पांढरं जातं, सिस्टर

ताप, खोकला, कंबर सगळं मोठ्याने सांगून होतं. केसपेपर उचलून बाई उठते, दारापर्यंत जाते, परत येते आणि आवाज एकदम खाली आणून म्हणते, "सिस्टर, अंगावरून पांढरं जातं." उत्तर गोव्यातल्या आरोग्य केंद्रांमध्ये सत्तावीस वर्षं नोकरी केली, हे वाक्य हजारदा तरी ऐकलं असेन. ते जवळजवळ नेहमी उठता उठताच यायचं.

यावर आमचं उत्तर ठरलेलं: हिरवं पाकीट. आत सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल, म्हणजे जंतू आणि बुरशीवरच्या गोळ्या. गर्भाशयाच्या तोंडाला संसर्ग असल्याचा संशय आला तर राखाडी पाकीट, आणि असा संसर्ग संबंधातून पसरू शकतो म्हणून तेच नवऱ्यालाही. प्रत्येक ठिकाणी प्रयोगशाळा नाही, लांबून आलेली बाई रिपोर्ट घ्यायला परत येईलच असं नाही, म्हणून लक्षणांवरून लगेच औषध द्यायचं. पद्धत विचार करूनच केलेली आहे. पण त्यात बाईला तपासायचंही असतं, चार प्रश्न विचारायचे असतात. गर्दीच्या दिवशी ते गळून पडायचं आणि पाकीट तेवढं हातात जायचं. मीही तसंच दिलेलं आहे.

एका काजूच्या हंगामात डिचोलीकडची एक बाई तिसऱ्यांदा आली. वय चाळिशीच्या आतबाहेर. काजूच्या चिकाने बोटांच्या टोकांची सालं गेलेली. तिने पिशवीतून राखाडी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. न फोडलेलं, एका कोपऱ्यात चेपलेलं. नवऱ्याने ते भिंतीवर फेकलं होतं. "मला गोळ्या कशाला? तू कुठून काय आणलंस ते आधी सांग," असं म्हणाला, आणि महिनाभर तिच्याशी धड बोलला नाही. मागच्या खेपेला ते पाकीट मीच तिच्या हातात दिलं होतं. ते घरात गेल्यावर काय होईल, याचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

त्या दिवशी मी दार लावलं. वास येतो का, खाज आहे का, संबंधाच्या वेळी दुखतं का, सगळं विचारलं. मग झोपेचं विचारलं. "कितें सांगूं, सिस्टर," एवढं बोलली आणि रडू लागली. पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं. नवऱ्याचं बाहेर कुठेतरी आहे, असं तिला दोन वर्षांपासून वाटत होतं. डॉक्टरबाईंनी तपासलं, नमुना पाठवला. संसर्ग काही निघाला नाही.

दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत स्राव वाढतो, पातळ होतो, तार धरतो आणि ते निरोगीपणाचंच आहे, हे तिला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. अंगातली ताकद निथळून चालली आहे, असं ती समजत होती. तिच्या आईनेही तेच सांगितलं होतं.

नंतर मला कळलं की यावर गोव्यातच मोठा अभ्यास झालेला आहे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेच्या डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 2494 बायकांशी बोलून, त्यांच्या तपासण्या करून 2005 मध्ये तो मांडला. पांढरं जाण्याच्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गाशी होतं, पण त्याहून घट्ट नातं होतं ते चिंता आणि उदासीशी. वाचताना ते चेपलेलं पाकीट माझ्या डोळ्यांसमोर होतं.

पण म्हणून "सगळं मनाचंच आहे" असं म्हणून कुणी बाईला परत पाठवत असेल, तर माझा जीव तुटतो. 1989 मध्ये डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीच्या दोन खेड्यांतला अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. 650 बायका तपासल्या, त्यातल्या 92 टक्क्यांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही निघालं, आणि त्याआधी तशी तपासणी जेमतेम 8 टक्क्यांची झालेली. म्हणजे सांगणारीला रोग असतोच असं नाही, आणि रोग असलेली सांगतेच असंही नाही. तपासलंही पाहिजे आणि विचारलंही पाहिजे. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. बीपीच्या गोळ्या न्यायला येणारी पन्नाशीपुढची एक काकी होती. तिची तक्रार काहीच नव्हती. मी आपण होऊन विचारलं, तेव्हा म्हणाली, नवरा जवळ आल्यावर रक्त जातं, वर्ष होत आलं. "या वयात हे कुणाला सांगायचं ग?" त्याच आठवड्यात तिला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, बांबोळीला पाठवलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. वर्षभर ती दर महिन्याला माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून जात होती. मी दंडाला पट्टा बांधायची, आकडा लिहायची आणि पुढच्या बाईला हाक मारायची.

आमच्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. बाहेरच्या रांगेतलं कुणीही ढकलून आत डोकवायचं. अर्ज करून दमले, शेवटी बाजारातून कडी आणून सुताराकडून बसवून घेतली.

काजूवाली बाई पुढच्या गुरुवारी परत आली. या वेळी सोबत मुलगी होती, दहावीतली, नजर जमिनीवर. आत आल्या आल्या आईनेच कडी लावली आणि म्हणाली, "मला सांगितलंत ना, ते सगळं हिलाही सांगा. मी बसते इथेच."