पोरीला गावाकडच्या शाळेत घालू का? तुम्ही विचारलंत म्हणून

सातारा तालुक्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अशा फौजी गावांतल्या आयाबहिणी सीमेवर ताण वाढला की आम्हाला एकच विचारतात. मे २०२५ मध्ये जम्मू-पंजाबकडच्या शाळा बंद झाल्या, जवानांच्या सुट्ट्या रद्द झाल्या, तेव्हाही हेच विचारलं गेलं: ‘मालक बॉर्डरवर आहेत, पोरीला इकडच्या शाळेत घालू का?’

आठवीपर्यंत असेल तर खुशाल आणा. दाखला मिळाला नसला तरी शिक्षण हक्क कायद्यानुसार त्यासाठी प्रवेश अडवता येत नाही, हे मुख्याध्यापकांना नम्रपणे पण ठामपणे सांगा. नववी-दहावीत मात्र शक्यतो हलवू नका. सीबीएसईची बोर्डाची नोंदणी नववीतच होते आणि दहावीला थेट प्रवेश मिळवताना फार धावपळ होते. आणायचीच वेळ आली, तर परराज्यातल्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच गाडीत बसा. नंतर त्या एका सहीसाठी हजार-दीड हजार किलोमीटर कोण जाणार?

गावी आल्यावर तिला सेमीच्या तुकडीत बसवा. केंद्रीय विद्यालयात गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकलेल्या मुलीसमोर ‘लसावि’, ‘मसावि’ आले की ती गप्प होते. तिला एलसीएम येत असतो, फक्त शब्द ओळखीचा नसतो. घरचे समजतात, पोरगी मागे पडली. एका वहीत दोन रकाने आखून गणितातले इंग्रजी-मराठी शब्द समोरासमोर लिहायला लावा, महिनाभरात फरक दिसतो. मराठीच्या जोडाक्षरांना जास्त वेळ लागतो, तेवढा द्या.

आता कागदांचं. जवानाच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव असतं. ते नाव मुलीच्या दाखल्यावरच्या वडिलांच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का, ते आजच बघा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, फौजेच्या नोंदीत बऱ्याचदा आडनावच नसतं. मुलीच्या जन्माची नोंद युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या घरच्यांची नोंद होते त्या फौजेच्या आदेशात, झालेली नसेल, तर सरकारदरबारी ती त्यांची मुलगीच ठरत नाही. फौजीच्या कुटुंबाचं कार्ड नाही, सवलत नाही. मुलगी शाळेत आहे तोवर शाळेच्या रजिस्टरमधली चूक दुरुस्त होते, शाळा सोडल्यावर फार अवघड जातं. आणि युनिट पुढे सरकलं की फोन लागत नाही, ‘५६ एपीओ’च्या, म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाच्या, पत्त्यावर गेलेला कागद कधी परत येईल सांगता येत नाही. म्हणून सह्या लागणारं सगळं ते सुट्टीवर असतानाच उरका आणि बँकखातं दोघांच्या नावावर, कुणा एकाच्या सहीनं चालणारं ठेवा.

आमच्या अनुभवात शाळा तुटते ती बहुतेकदा कागदांमुळेही नाही. घरातला पुरुष लांब गेला की धार, वैरण, धाकट्याला सांभाळणं हळूहळू थोरल्या मुलीवर येतं. सोयाबीनच्या काढणीत आठ दिवस, मग आणखी चार. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते. काढणीला मजूर लावा, पण तिला घरी ठेवू नका.

बोलवत नाही, तरी सांगतो. १९७१च्या युद्धानंतर सरकारनं योजना आणली: शहीद, बेपत्ता किंवा युद्धात अपंग झालेल्या जवानाच्या मुलांची फी सरकार भरतं. मध्यंतरी महिन्याला दहा हजारांची मर्यादा घातली होती, ती २०१८ मध्ये उठली. फीच्या मूळ पावत्या फेकू नका. माजी सैनिकाच्या मुलीला बारावीत ६० टक्के असतील आणि ती व्यावसायिक पदवीला गेली, तर पंतप्रधान शिष्यवृत्तीचे महिन्याला ३,००० रुपये मिळू शकतात. अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो. पुष्कळ मुली दुसऱ्या वर्षाला असताना चौकशीला येतात आणि आम्हाला नाही म्हणावं लागतं. बारावीचा निकाल लागला की त्याच आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. साताऱ्यात आहे, सांगलीतही आहे.