रिलाच्या गुहेत अडकलो त्याची गोष्ट

बल्गेरियाची राजधानी सोफिया, तिथून रिलाचा मठ दोन-अडीच तासांवर. रानातून वळणं घेत गाडी चढते आणि किल्ल्याच्या तटासारखी उंच, रुक्ष भिंत समोर येते. आत पाऊल टाकलं की मात्र काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, लाकडी सज्जे, मध्ये घुमटांचं चर्च. १८३३ च्या आगीत मठ जळाला, हे बहुतेक सगळं त्यानंतरचं. चौदाव्या शतकातला, ह्रेल्यो नावाच्या सरदाराचा बुरूज तेवढा वाचला. मीही इतरांसारखे पन्नासेक फोटो काढले.

पण मला जायचं होतं ते वर, गुहेत.

संत इव्हान रिल्स्की नवव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मला आणि माणसं नकोत म्हणून या डोंगरात, त्या गुहेत येऊन राहिला. माणसं मागोमाग आलीच. खुद्द बल्गेरियाचा राजा, झार पेटर, दर्शनाला आला, तर यानं भेटच नाकारली. दोघांनी म्हणे लांबूनच एकमेकांना नमस्कार केला. राजानं फळं आणि सोनं पाठवलं. फळं ठेवून घेतली, सोनं परत. (आता त्याच इव्हानला नाण्यावर छापलंय! मी गेलो तेव्हा युरो यायचा होता. लेव्ह हे तेव्हाचं इथलं चलन, आणि खिशातल्या एक लेव्हच्या नाण्यांवर हेच महाराज.)

९४६ मध्ये तो वारला आणि त्याच्या देहाचा प्रवास सुरू झाला. आधी अवशेष सोफियाला नेले. ११८३ मध्ये हंगेरीच्या राजा बेला तिसऱ्यानं ते उचलून एस्टरगोमला नेले. तिथल्या बिशपनं ‘हा कसला संत’ म्हटलं आणि त्याची वाचाच बसली, अशी कथा आहे. चार वर्षांत अवशेष परत आले. मग बल्गेरियातलंच टर्नोवो, आणि शेवटी १४६९ मध्ये पुन्हा रिला. जिवंतपणी डोंगर न सोडणाऱ्याला मेल्यावर कुणी स्वस्थ बसू दिलं नाही.

मठापासून चारेक किलोमीटर पुढे गेलं की गुहेची पायवाट लागते. कडेच्या खडकांच्या फटीफटीत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या खोचलेल्या, नवसाच्या. पावसानं काहींची शाई पसरली होती.

गुहेत अंधार, ओल, मेणाचा वास. बाहेर पडायचं ते वरच्या अरुंद भोकातून. पापी माणूस त्यात अडकतो म्हणे. माझ्यापुढे काळा रुमाल बांधलेल्या एक आजी होत्या. त्या सरसर वर गेल्या. मी खालून हातवाऱ्यांनी विचारलं, मी मावेन का? आजींनी मान आडवी हलवली. झालं! मी मागे फिरणार तेवढ्यात आठवलं, इथे आडवी मान म्हणजे ‘हो’.

घुसलो. डोकं गेलं, खांदे गेले आणि कमरेपाशी गाडी थांबली. मागून कुणीतरी हसलं. गेल्या कित्येक वर्षांतली बारीकसारीक पापं त्या दोन मिनिटांत डोळ्यांपुढून गेली. मग लक्षात आलं, कमरेला बांधलेली पैशांची पिशवी दगडात अडकली होती. ती सोडून वर आजींच्या हातात दिली आणि सुळकन बाहेर आलो.

आजींनी पिशवी परत दिली, आतली नाणी खुळखुळली. त्यांनी पुन्हा मान आडवी हलवली. या वेळी मी काही अर्थ लावायला गेलो नाही.