चमच्याने तेल

हेल्दी जेवण म्हटलं की घरात बऱ्याच जणांची तोंडं वाकडी होतात आणि खरं सांगू का, त्यांचं काही चुकत नाही, कारण हेल्दीच्या नावाखाली जे ताटात पडतं ते बहुतेकदा उकडलेलं, फिकट आणि अळणी असतं, आणि वर ते गपगुमान गिळायचं, का तर तब्येतीला चांगलं. हा कुठला न्याय? माझं म्हणणं एवढंच की हलका स्वयंपाक म्हणजे काय काय वगळायचं याची यादी नाहीच, सगळा खेळ आच आणि झाकण सांभाळण्याचा आहे.

तेलाचंच घ्या. बाटलीतून थेट कढईत ओतलं की किती पडलं ते कुणालाच कळत नाही, हात सैल सुटतो. १५ मिलीचा एक मोठा चमचा म्हणजे साधारण १२० कॅलरी, मग तेल कुठलंही असो, बाटलीवर लाल हृदय छापलेलं असलं तरी (चित्राने कॅलरी कमी होत नाहीत!). म्हणून मी चमच्याने घालते, बस. पण तेल साफ बंद केलेली माणसं भेटली की मला त्यांचीही काळजी वाटते, कारण गाजरातलं, पालेभाजीतलं कॅरोटीन (ज्यातून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते) अंगी लागायला थोडं तरी फॅट लागतंच, आणि टोमॅटोचं तर असं की तो जरा तेलात परतून शिजवला की त्यातलं लायकोपीन, म्हणजे त्याला लाल रंग देणारं पोषक द्रव्य, कच्च्यापेक्षा जास्त मिळतं. फक्त कच्चंच पौष्टिक, हे काही खरं नाही.

कमी तेलात चव आणायची खरी जागा म्हणजे कांदा. कढई नीट तापू द्यायची, चमचाभर तेल, बारीक चिरलेला कांदा आणि मीठ सुरुवातीलाच, म्हणजे त्याला पाणी सुटतं आणि तो आपल्याच पाण्यात मऊ होतो. मग ते पाणी आटतं, कांदा तळाला लागायला लागतो आणि नेमका तेव्हाच हात बाटलीकडे जातो. थांबायचं. थोडंसं पाणी शिंपडायचं, चर्र आवाज येतो, तळाला धरलेलं तपकिरी सगळं सुटून कांद्याला लागतं, परत आटू द्यायचं, परत शिंपडायचं. चव आहे ती त्या तपकिरी रंगात. मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तपकिरी होण्याची ही क्रिया मांडली, ती जोरात होते साधारण १४० अंशांच्या पुढे, आणि कढईत पाणी असेपर्यंत गाडी १०० च्या आसपासच अडकते. म्हणजे इथे झाकण घातलं की संपलं, कांदा नुसता वाफवला जाणार.

भाजीचं बरोबर उलट. तिथे झाकण हवंच, आणि झाकण खोलगट असेल तर त्यात थोडं पाणी ठेवायचं, खालची वाफ गार झाकणाला लागून थेंब थेंब परत भाजीत पडते, वरून पाणी ओतावं लागत नाही की तळाला करपू नये म्हणून जास्तीचं तेलही लागत नाही. पालेभाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी सिंकमध्ये ओतणारे लोक बघितले की माझा जीव तुटतो, क जीवनसत्त्व आणि फोलेट (हे ब गटातलं जीवनसत्त्व) दोन्ही पाण्यात विरघळणारी, चाललं की सगळं गटारात! (मुतखड्याचा त्रास असलेल्यांना पालक उकळून पाणी टाकायला सांगतात ते खडे बनवणारं ऑक्झलेट कमी व्हावं म्हणून, ती गोष्ट वेगळी.)

मिठाचं काय, जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा आणि त्यात ब्रेड, बिस्किटं, सॉस सगळं आलं. गॅस बंद केल्यावर लिंबू पिळलं की मीठ कमी आहे हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, शिवाय डाळी-कडधान्यांतलं लोह शरीरात शोषलं जायला त्या लिंबाची मदतच होते.

राहिलं तळण. ओव्हनमधलं ‘अगदी तळल्यासारखं’ मला आजवर पटलेलं नाही, खाऊन समाधान होत नाही आणि मग माणूस तासाभराने डबे उघडत फिरतो. त्यापेक्षा कधीमधी खायचंच तर सरळ तळून खावं, फक्त तेल नीट तापलेलं हवं आणि एका वेळी थोडंच सोडायचं, कढई गच्च भरली की तेल थंड पडतं आणि घातलेलं सगळं तेलकट होऊन बाहेर येतं.