यू-बोट अपडेट: तोफ उपटली, भोकं अजून चालूच

मंडळी, बरेच दिवस अपडेट नाही, कारण सांगायला लाज वाटते. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टाइप सात-सी पाणबुडीचं (यू-बोट) मॉडेल १/१४४ प्रमाणात चाललंय ना (खरी ६७.१ मीटर, म्हणजे मॉडेल ४६ सेंटिमीटरच्या थोडं वर), तिच्या डेकवर मी ८८ मिमीची तोफ चिकटवून प्रायमरसुद्धा (रंगाआधीचा थर) मारून मोकळा झालो होतो. मग टॉवर (डेकच्या मधला उंच मनोरा) हातात घेतला, तर तो मागे दोन मजली विमानविरोधी प्लॅटफॉर्मवाला! वर २० मिमीच्या दोन जोडतोफा, खाली एक ३७ मिमी. हे ध्यान १९४४ चं, आणि अटलांटिकमधल्या बोटींच्या डेकवरच्या तोफा १९४३ मध्येच उतरवायला लागले होते, कारण डोक्यावर विमानं असताना वर थांबून तोफ डागणार कोण. थोडक्यात माझी बोट पुढून १९४१ आणि मागून १९४४.

१९४४ च ठेवायचं ठरवलं. ब्लेडनं तोफ उपटली, सोबत डेकच्या पट्ट्यांचा तुकडाही गेला, तिथे पुट्टी भरून पट्ट्या सुईनं परत कोरल्यात, लांबून चालतंय. आता १९४४ म्हटल्यावर स्नॉर्कल (पाण्याखाली असतानाही इंजिनाला हवा देणारी नळी) आला, तो आडवा झोपवायची खाच पुढच्या डेकमध्ये कापायचीय, ते धाडस अजून होत नाहीये.

खरा वेळ खातायत ती पाणी शिरायची भोकं. वरचं आवरण जलरोधक नसतंच, बुडी मारताना आत हवा अडकून चालत नाही म्हणून बाजूनं खाचांच्या रांगा असतात. किटमध्ये त्या नुसत्या खोलगट होत्या, त्यामुळे एकेक करून आरपार करतोय, प्रत्येक खाचेत दोन-तीन भोकं मारायची आणि मग ब्लेडनं जोडायची. डावी बाजू झाली, उजवी अर्धी. आतून काळा रंग मारला की जो खोलपणा दिसतो ना, त्यापुढे दुखरं मनगट माफ. एक मात्र बघून घ्या, या खाचांची रचना बांधणाऱ्या गोदीप्रमाणे बदलते. मी जर्मनीत लाबोला किनाऱ्यावर ठेवलेली यू-९९५ धरलीय, ती हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीची, तिचे फोटो ढिगानं मिळतात.

मधे कंटाळा आला म्हणून १/६ ची कार-९८के (त्याच काळातली जर्मन रायफल) घेतली, १८.५ सेंटिमीटरची. तिथेही तेच! बट प्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची धातूची पट्टी) नंतरच्या काळातली, कडा वळवलेली वाटीसारखी, आणि मी दस्त्याला अक्रोडाचा छान एकसंध रंग दिलेला. नंतरच्या बहुतेक रायफलींना थर चिकटवलेलं लाकूड असायचं, त्याच्या पट्ट्या दिसायला हव्यात. आता रंग खरवडून बारीक ब्रशनं रेघा ओढतोय, तीनदा पुसल्या, चौथ्यांदा जरा लाकडासारखं दिसायला लागलंय.

पुढच्या वेळी उजवी बाजू पूर्ण करून फोटो टाकतो. स्नॉर्कलची खाच कोणी कापली असेल तर आधी भोकं मारून कापली की सरळ करवतीनं, तेवढं सांगा.